बारावी नोंद : एका शोकात्म खलनायकाची आखणी

दोन वर्षांपूर्वी मी मित्रांसाठी एक भयकथेचे रोलप्लेइंग साहस (खेळाडू पात्रे होऊन, फासे टाकत खेळतात ती गोष्ट) चालवले होते आणि त्यातील खलनायकाचे सारे दुःख शेवटच्या प्रसंगासाठी राखून ठेवले होते. तळघराचे दार उघडले, तो बोलू लागला, आणि त्याचे तिसरे वाक्य पुरे होण्याआधीच खेळाडूंनी फासे टाकून त्याला ठार केले. त्यांची काहीच चूक नव्हती. ज्याच्या मागावर असताना आठ तास त्यांना केवळ प्रेतेच दिसली होती, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे असे त्यांना का वाटावे? येत्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच पाच जणांसाठी नवे साहस चालवायचे आहे, आणि या वेळी मी आखणीला वेगळ्या टोकापासून हात घातला: खलनायकाचे दुःख खेळाडूंच्या हाती केव्हा लागेल, आणि कोणत्या वस्तूतून?

या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी देऊन झालेले आहे. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचे ‘रेव्हनलॉफ्ट’ हे साहस 1983 साली प्रसिद्ध झाले. त्यातील स्त्राद हा सरदार धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर भाळतो, ऐन लग्नाच्या दिवशी भावाचा खून करतो, ती मुलगी किल्ल्याच्या तटावरून उडी घेते, आणि तो मात्र अमर होऊन तिला शोधत राहतो. हे कथानक परिचयाचे आहे. मला शिकण्यासारखी वाटली ती त्याची मांडणी. स्त्रादने स्वतः लिहिलेली हकिगत हा एक ग्रंथ आहे, तो किल्ल्यात कुठे सापडेल हे भविष्य सांगणारी स्त्री पत्ते मांडून ठरवते, आणि त्याच्याशी लढायला लागणाऱ्या तलवारीबरोबरच खेळाडूंना तो ग्रंथही शोधायचा असतो. म्हणजे त्याचे दुःख ही खेळात शोधून काढायची, हातात घेऊन वाचायची वस्तू आहे. तरीही स्त्राद मला पुरेसा नव्हता. त्याच्या शोकांतिकेचे मूळ हव्यासात आहे आणि खुनाच्या क्षणीच तो आपल्या मनातून उतरतो. मला असा माणूस हवा होता, ज्याचे पहिले पाऊल कोणीही समंजस माणसाने उचलले असते.

तो मला अठराव्या शतकातील सर्बियात सापडला. 1718 च्या तहानंतर सर्बियाचा उत्तर भाग दोन दशके हाब्सबर्ग, म्हणजे ऑस्ट्रियाच्या साम्राज्याकडे होता, आणि मोरावा नदीच्या खोऱ्यातील मेद्वेजा गावात सरहद्दीची राखण करणारे हायदुक शिपाई कुटुंबांसह राहत होते. 1731 च्या अखेरीस तिथे माणसे झपाट्याने मरू लागली. साथ आहे का, हे पाहण्यासाठी ग्लाझर नावाचा वैद्य पाठवण्यात आला. त्याला साथीची लक्षणे दिसली नाहीत. अपुरा आहार आणि ऑर्थोडॉक्स पंथाचे कडक उपवास हे कारण त्याने नोंदवले. गावकऱ्यांना ते पटले नाही. दोन-तीन घरची माणसे रात्री एकाच घरात जमत, काही झोपत आणि काही पहारा देत, आणि व्हँपायरांचा बंदोबस्त झाला नाही तर आम्ही गाव सोडून जाऊ, असे त्यांनी बजावले होते. मग जानेवारी 1732 मध्ये योहान फ्ल्युकिंगर हा लष्करी सर्जन तिथे आला. त्याच्या अहवालानुसार तीन महिन्यांत सतरा माणसे दगावली होती. त्याने थडगी उघडवली, एकेका प्रेताचे वय, आजाराचे दिवस आणि अवस्था लिहून घेतली. जी प्रेते कुजली नव्हती ती व्हँपायर मानून, त्यांची डोकी तोडून जाळण्यात आली आणि राख नदीत टाकली गेली. मिलित्सा नावाची साठ वर्षांची बाई आयुष्यभर किडकिडीत होती, पण थडग्यात ती चांगली भरलेली दिसली, याचे जमलेल्या हायदुकांना फार आश्चर्य वाटले. आज आपल्याला माहीत आहे की प्रेत वायूंनी फुगते आणि थंडीच्या जमिनीत सावकाश कुजते. त्या बाईचा तो अंत वाचताना मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

माझे गाव काल्पनिक आहे, मेद्वेजापासून दिवसभराच्या वाटेवरचे, आणि सर्जनही काल्पनिक आहे. माणसे उपासमारीने मरत आहेत हे त्याला ठाऊक आहे. पण ऐन हिवाळ्यात गाव उठून निघाले तर मुले आणि म्हातारी वाटेतच गारठून मरतील, म्हणून तो गावकऱ्यांच्या समजुतीखाली आपली सही करतो. अकरा प्रेते जाळली जातात, गाव जागेवर राहते, माणसे वाचतात. मग त्याची पत्नी मरते. ती त्याच गावची, शेजारणींबरोबर नाताळपूर्वीचा उपवास पाळणारी, आणि तो उपवास तिला झेपणार नाही हे त्याच्याइतके कोणालाच कळत नव्हते. आता तिचेही थडगे उकरणे आले. त्याने स्वतः मान्य केलेला नियम तिला लागू होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो प्रेताच्या अवस्थेची खोटी नोंद करतो: प्रेत पूर्ण कुजलेले, जाळण्याचे कारण नाही. अकरा थडग्यांत काहीच नव्हते. बाराव्यात होते. ती परत येते आणि तो तिला उपाशी ठेवू शकत नाही.

खेळाडू बेलग्रेडहून आलेले तपासनीस असतील. लढवय्यांपेक्षा तपासनीस हवे असल्याने मी ‘कॉल ऑफ कथुलू’ या भयकथांच्या रोलप्लेइंग खेळाचे नियम घेतले आहेत, ते अशा खेळाला नेमके बसतात. महत्त्वाची गोष्ट फाशांवर सोडायची नाही, हे मी ठरवूनच टाकले आहे. खलनायकाविषयीचे प्रत्येक सत्य तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले आहे, म्हणजे दोन हुकली तरी तिसरे सापडेल. शिवाय त्याचा चांगुलपणा गुन्ह्याच्या आधी दिसला पाहिजे. पहिल्याच संध्याकाळी तो स्वतःच्या शिध्यातले पीठ एका घरी पोहोचवताना भेटेल, आणि तेच पीठ तिसऱ्या भागात त्याच्या विरोधातला पुरावा ठरेल, कारण ज्या घरांना तो पीठ देतो त्याच घरांतली माणसे नंतर नाहीशी होतात. आपण दिलेले आयुष्य आपण परत मागू शकतो, इथवर त्याचा हिशेब पोहोचला आहे. तो हिशेब भयानक वाटायला हवा. त्याचे दुःख खरे असले तरी नाहीशा झालेल्या माणसांनाही घरे आणि नातलग आहेत, आणि त्या नातलगांसाठी मी त्याच्याइतकीच पाने लिहिली आहेत.

मूळ आराखड्यात पत्नीच्या जागी लहान मुलगी होती. आमच्यातील एक जण नुकताच बाप झाला आहे आणि कोणते विषय नकोत असे आधी विचारले तेव्हा त्याने मुलाचे मरण नको म्हणून सांगितले. त्या बदलामुळेच उपवासाचा धागा हाती लागला. भयकथा खेळताना ही विचारपूस आधी व्हावीच, आणि प्रत्यक्ष खेळात प्रसंग थांबवण्यासाठी टेबलावर एक्स-कार्ड ठेवावे. शब्दांचाही विचार करावा लागला. खेळ मराठीतून चालतो आणि ‘वेताळ’ म्हटले की आपल्याला झाडावर लोंबणारा, कोडी घालणारा आठवतो, ‘हडळ’ म्हटले की उलटे पाय. म्हणून गावकरी त्यांचाच ‘वांपीर’ हा शब्द वापरतील. मेणबत्त्या आणि संगीत यांवर मी वेळ घालवणार नाही.

सर्जनची वही मात्र मी हाताने लिहिली आहे. अकरा नोंदी काळ्या शाईत, प्रत्येकीपुढे वय, आजाराचे दिवस आणि थडगे उघडल्याची तारीख. बारावी नोंद जरा फिकट शाईत आहे, अक्षर इतर नोंदींपेक्षा नीट आहे, आणि तिच्यापुढची तारीख चर्चच्या दप्तरात थडगे उघडल्याची जी तारीख आहे तिच्या आदल्या दिवसाची आहे. खेळाडूंनी ती विसंगती ओळखली की ते वही घेऊन त्याच्याकडे जातील, आणि तो नाकारणार नाही. तो एवढेच विचारेल की तुमच्या अहवालात तिच्या नावापुढे तुम्ही काय लिहिणार आहात. त्या क्षणी कोरे पान आणि पेन मी त्यांच्यासमोर ठेवणार आहे.