लेकी बोले, सुने लागे

एरर मेसेजला लोक घाबरतात पण नेमक्या चुकीच्या एररला घाबरतात, असं माझं मत होत चाललंय. घरी जोडलेल्या स्टोरेज सर्व्हरवर जो एरर लाल अक्षरात बोंबलत येतो तो बहुतेक वेळा शंभर-दीडशे रुपयाच्या वायरीचा निघतो, आणि ज्याच्यामुळे खरंच डिस्क हातची जाते तो बिचारा खाली कुठेतरी साध्या काळ्या अक्षरात एक आकडा होऊन बसलेला असतो, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

आमचा जळगावचा सर्व्हर म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, त्यात चार-चार टीबीच्या चार डिस्क, दोन-दोनच्या जोड्या, जोडीतल्या एकीवर जे असेल तेच दुसरीवर. वर ट्रूनॅस, म्हणजे असा साठा सांभाळणारी लिनक्सवरची सिस्टिम. गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून फुकटातलं अनलिमिटेड बंद केलं तेव्हा बऱ्याच जणांना हे खूळ लागलं, त्यातला मी एक. आत कानबाईच्या रोटांचे व्हिडिओ आहेत, हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्यांचे फोटो, शेताचे सातबारे स्कॅन केलेले, आणि लग्नाच्या कॅसेटींवरून उतरवलेल्या फाइली ज्यात अर्धा वेळ कॅमेरावाला पंगतीतच फिरतोय. म्हणजे जगाच्या दृष्टीने कचरा, पण गेला तर घरात सुतक.

आई अमळनेरकडची. तिचा पहिला आणि आजवरचा एकमेव प्रश्न, "हाई डबा रातभर काय घरघर करस रे?"

तर एरर. झेडएफएस नावाची जी फाइल सिस्टिम ह्याच्या पोटात आहे ती सन मायक्रोसिस्टिम्सच्या लोकांनी बनवली, २००५ मध्ये बाहेर आली, आणि तिचा स्वभाव म्हणजे डिस्कने काहीही वाचून दिलं तरी लगेच विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे त्यातल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, वेगळा लिहून ठेवलेला असतो, वाचताना तो जुळवून बघायचा, नाही जुळला तर जोडीतल्या दुसऱ्या डिस्कवरून बरोबर कॉपी द्यायची आणि जाता जाता बिघडलेली पण दुरुस्त करून टाकायची. एवढं सगळं करून वर मेसेज काय देते, की एका डिव्हाइसवर अनरिकव्हरेबल एरर आला होता, दुरुस्त करायचा प्रयत्न केलाय, ॲप्लिकेशन्सवर परिणाम नाही. वाचलं की पहिले छातीत धस्स होतं आणि शेवटी कळतं की अरे, काम तर उरकून पण झालं.

ह्या वर्षीच्या मे महिन्यात सर्व्हरवर डिग्रेडेड आलं, म्हणजे जोडीतली एखादी डिस्क धड चालत नाही. जळगावचा मे म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास, सगळ्यांनी लगेच उन्हावर खापर फोडलं, शेजारच्या दादांनी तर कूलर त्याच्याकडे फिरवा म्हणून सांगितलं (फिरवू नका, ओली हवा आणि उघडे कॉन्टॅक्ट यांचं जमत नाही). पण ऊन असतं तर टेम्परेचरच्या रकान्यात दिसलं असतं, घरी वापरायच्या डिस्क साधारण साठ डिग्रीपर्यंत चालतील अशा बनवतात आणि आमच्या त्याच्या बऱ्याच खाली होत्या. मेसेज मात्र स्पष्ट होता, अमुक डिस्कवर रीड एरर, तमुक डिस्कवर राइट एरर, डिस्क बदला. एका वेळी दोन डिस्क, आणि त्या पण वेगवेगळ्या जोड्यांतल्या. इथेच डोकं खाजवावं लागतं, कारण एकच डिस्क कुरकुरत असेल तर दोष तिचा किंवा तिच्या केबलचा, पण दोघी एकदम आजारी पडल्या तर दोघींमध्ये काय कॉमन आहे ते बघायचं. लेकी बोले सुने लागे. मेसेज बोलतो डिस्कला, लागायला पाहिजे मागे उभं असलेल्या कोणाला तरी.

मग स्मार्टचा रिपोर्ट उघडला. स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच स्वतःची जी वही ठेवते ती. त्यात १२ नंबरचा रकाना असतो, डिस्क किती वेळा बंद होऊन चालू झाली त्याचा. आता सर्व्हर म्हणत होता मी कित्येक आठवडे अखंड चालू आहे, आणि त्याच्याच पोटातल्या ह्या दोन डिस्क म्हणत होत्या आम्ही तर मध्ये अनेकदा झोपून उठलो. बाकीच्या दोघींचा आकडा जागच्या जागी. म्हणजे मदरबोर्डला न कळता ह्या दोघींची वीज क्षणभर जात होती. बघितलं तर ह्याच दोघी एका स्प्लिटरवर, जुन्या पॉवर सप्लायला डिस्कसाठीच्या पिना कमी म्हणून एका वायरीच्या दोन केलेल्या. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास खेचते, दोघी एकदम म्हणजे चार, आणि ते सगळं त्या एका बारक्या पिनेतून.

पण मग रोज का नाही, तेव्हाच का? सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक एररची वेळ असते. मी वेळा कागदावर उतरवून घेतल्या, सगळ्या संध्याकाळच्या सातनंतरच्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन सहज म्हटलं, परवा पावणेआठला घरात काय झालं होतं? घरात कोणाला आठवेना. आई भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "तव्हयच गयथी ना लाइट, मनी मालिका चालू व्हती." पुढची वेळ विचारली, ती पण बरोबर, फक्त ह्या वेळी तिने लाइट कधी गेली ते न सांगता मालिकेत कोण कोणाला घराबाहेर काढत होतं ते सांगितलं. तिसरी पण. लिनक्सचा लॉग आणि आईची मालिका मिनिटामिनिटाला जुळत होते. सर्व्हर लॉग वाचायचे ट्रेनिंग देणाऱ्यांनी हे कुठे शिकवलेलं मला आठवत नाही.

लाइट जाते, इन्व्हर्टर घेतो, पण घेता घेता मध्ये एक फट राहते. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय नियमाप्रमाणे साधारण १६ मिलिसेकंद कळ काढू शकतो, तो पण नवा असताना, आमचा तर रिटायर होऊन दुसऱ्या नोकरीला लागलेला. आणि घरच्या इन्व्हर्टरवर मागे एक छोटं बटण असतं, नॉर्मल आणि यूपीएस, बसवून देणारा माणूस बहुतेक वेळा नॉर्मलवर ठेवून जातो कारण पंखा-ट्यूबलाइटला काही फरक पडत नाही. बटण यूपीएसवर केलं, स्प्लिटर काढून टाकला, पॉवर सप्लाय जास्त पिनांचा बसवला, आणि ज्या दोन डिस्क बदला म्हणून मेसेज सांगत होता त्याच आज गुणी मुलींसारख्या चालतायत.

गोलाणी मार्केटमधून पॉवर सप्लाय घेताना दोन क्लिपवाल्या साटा केबल पण आणल्या, कारण आणखी एक रकाना आहे १९९ नंबरचा, सीआरसी एररचा, तो वाढला म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या बोलण्यात खरखर आहे, बहुतेकदा केबल सैल. त्याच्यासोबत कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, हार्ड रिसेटिंग लिंक असं काहीतरी ओरडतो, स्पीड सहावरून तीन आणि तीनवरून दीड गिगाबिटवर उतरवतो, बघणाऱ्याला वाटतं खेळ खल्लास. केबल बदलली की संपलं. फक्त तो आकडा परत शून्यावर येत नाही, जन्मभर तिथेच राहतो, त्यामुळे किती आहे ते बघायचं नाही, वाढतोय का ते बघायचं.

तसंच मेव्हण्याच्या विंडोजवरचं नेटवर्क पाथ सापडला नाही, 0x80070035. आकडा बघून माणूस फॉर्मॅट मारायला निघतो. झालं एवढंच होतं की लाइट आली तेव्हा राउटर पण नव्याने उठला आणि त्याने सर्व्हरला वेगळाच पत्ता देऊन टाकला. पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून दिला, विषय संपला.

आता जो ओरडत नाही तो. हे सगळं निस्तरताना तिसऱ्याच एका डिस्कच्या वहीत १९७ नंबरला ८ दिसले. करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या ज्या जागा धड वाचता येत नाहीत त्यांची मोजणी. वर हेल्थ पास्ड, पूल (सगळ्या जोड्या मिळून झालेला साठा) ऑनलाइन, सगळीकडे हिरवं, एक पण मेसेज नाही. हे आकडे पुष्कळदा ८, १६, २४ असेच वाढतात, कारण आत खरा सेक्टर ४०९६ बाइटचा आणि बाहेर सांगताना ५१२ चे तुकडे करून सांगायचे, म्हणजे एक जागा खराब झाली की मोजणीत आठ. पुढच्या स्क्रबनंतर (सगळा डेटा वाचून चेकसम जुळवायची फेरी) १६ झाले, मग २४. गुगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात पहिला स्कॅन एरर (डिस्क स्वतःला तपासताना सापडलेली चूक) दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडायची शक्यता बाकीच्यांच्या ३९ पट निघाली. आणि त्याच अभ्यासात गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त अशा होत्या की महत्त्वाच्या चारही रकान्यांत शून्य, म्हणजे न सांगता गेल्या. हे वाचल्यावर पास्ड ह्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा तुम्हीच ठरवा. मी ती डिस्क चालू असतानाच बदलली, नवीवर सगळं उतरायला रात्र गेली, आणि धुळ्याला भावाकडे जी जादा कॉपी असते ती त्याच आठवड्यात ताजी करून घेतली, कारण जोडी असली तरी चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते.

सध्या स्टेटसला एकच ओळ शिल्लक आहे, पुलावर काही नवीन फीचर चालू केलेले नाहीत, अपग्रेड करा. मेव्हणा आला की दर वेळी ती बघून अस्वस्थ होतो, करून टाक ना म्हणतो. पण ते एकदा केलं की जुन्या व्हर्जनला तो पूल उघडेलच असं नाही, आणि आमचं काही अडलेलं पण नाही, म्हणून ती ओळ मी मुद्दाम तशीच ठेवलीये.