असईचा पट : फळी वळवण्याचा नियम अखेर उलगडला

असईच्या लढाईवर मी पटावरचा युद्धखेळ बनवतो आहे. मागच्या नोंदीत फळी, म्हणजे एका रेषेत उभ्या पलटणी, वळवण्याच्या नियमापाशी मी अडलो होतो. रविवारी जळगावात घेतलेल्या चाचणी डावात शिंद्यांचा सेनानी पोलमन याच्या फळीच्या टोकाच्या पलटणी वळता वळता थेट केळणा नदीत उतरल्या, तेव्हा आपण नियमाचा अर्थ मुळातच चुकीचा लावत आहोत हे लख्खपणे कळले.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी केळणेच्या उत्तर तीरावर दक्षिणेकडे तोंड करून उभ्या होत्या. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली पूर्वेकडच्या उताराने (पायी ओलांडता येईल अशा उथळ जागेने) नदी ओलांडून केळणा आणि जुई यांच्या बेचक्यात शिरला, आणि पोलमनने सारी फळी पूर्वेकडे फिरवून उजवी बगल केळणेला व डावी असई गावाला टेकवली. इतक्या शिस्तीची हालचाल वेलस्लीला अपेक्षित नव्हती. आपल्या पटावर मात्र ती साधतच नव्हती.

महिनाभर आम्ही वाद घातला तो मापाचा. बाहेरच्या कोपऱ्याचे अंतर कमानीवरून मोजायचे की सरळ रेषेत? प्रत्येक पलटण म्हणजे ४ सेंमी रुंदीचा एक बेस, बाहुल्यांखालचा तुकडा; असे सहा बेस म्हणजे २४ सेंमीची फळी. काटकोनात वळताना तिचे टोक कमानीवर ३७.७ सेंमी जाते. पायदळाची चाल एका डावात, म्हणजे खेळाडूच्या एका पाळीत, १५ सेंमी, म्हणजे तीन डाव. शेवटी मी कागदावर हिशेब मांडला तेव्हा दिसले की एका डावापुरते पाहिले तर दोन्ही मापांत वळणाचा फरक जेमतेम ०.६ अंशाचा आहे. वाद निरर्थक होता, आणि फळी नदीत जायची ती दोन्ही मापांनी जातच होती, कारण डावे टोक स्थिर ठेवले की उजवे टोक दक्षिणेकडेच झुकते.

कोंडी फोडली ती माझ्या भाच्याने. नियमावलीचे पान पुढे करून तो म्हणाला, "मामा, इथे तर पलटण लिहिलंय. फळी कुठे आहे?" खरोखरच, वळण्याचा नियम एका पलटणीसाठी आहे, फळी ही आपण मनाने धरलेली गोष्ट.

मग प्रत्येक पलटण स्वतःच्या डाव्या कोपऱ्यावर वळवली. त्यासाठी ६.३ सेंमी खर्ची पडतात आणि ८.७ सेंमी उरतात. पूर्वेकडची पहिली पलटण जागीच उभी राहते, बाकीच्या तिरक्या चालीने तिच्या डाव्या हाताला येऊन लागतात. पाचव्या पलटणीला २२.६ सेंमी जायचे असते आणि दोन डावांत तिच्याकडे २३.७ सेंमी असतात. ती बरोबर जागेवर बसली तेव्हा आम्ही दोघे कितीतरी वेळ पटाकडे नुसते पाहत होतो. सहावीला २८.३ सेंमी लागतात, म्हणून ती तिसऱ्या डावात पोहोचते, आणि तोवर असईकडची बाजू उघडी राहते. मला हा धोका हवाच आहे.

यातून मांडणीचा नियमही स्पष्ट झाला. वळताना प्रत्येक बेस ४ सेंमी पुढे झुकत असल्यामुळे फळी काठापासून किमान तेवढी मागे मांडली पाहिजे, आणि मांडणीच्या नियमातल्या "पट्ट्याच्या आत" याचा अर्थ संपूर्ण बेस आत असाच घ्यावा लागेल.

हे सगळे मिलिमीटरवर चालते, म्हणून बेसबद्दल आग्रहाने सांगतो. मागवलेले एमडीएफचे बेस ३८ मिमीचे निघाले, म्हणजे सहांच्या फळीत १२ मिमीची तूट. इथल्याच लेझर कटिंगवाल्याकडून अॅक्रिलिकचे कापून घेतले, ते अचूक आहेत. कमान मोजायला शिंप्याची टेप वापरू नका, ती ताणली जाते. पितळी तार वाकवून ठेवा. तोफांच्या धुरासाठी घरच्या कापसाचे पेळू विरळ करून करड्या रंगात बुडवले, ते विकतच्या धुरापेक्षा कितीतरी सरस दिसतात.

पुढचे काम इंग्रजांच्या ७४ व्या पलटणीचे होते, जी असईच्या दिशेने भरकटून जवळजवळ कापली गेली. पण लिहिता लिहिताच सुचले की आधी उताराचा प्रश्न घ्यावा. दोन्ही तीरांवर समोरासमोर गावे दिसली, यावरून वेलस्लीने तिथे उतार असणार हे ताडले. तेव्हा उताराच्या जागी तीन पालथे पत्ते ठेवायचे, त्यांतला एकच खरा, आणि शिंद्यांच्या बाजूने मांडणी पूर्ण केल्यावरच इंग्रजांच्या खेळाडूने आपला पत्ता उलटायचा. येत्या रविवारी पोलमन भाचा खेळेल.