लोलाइट्स करू की नको?

दोन वर्षांपूर्वी हौसेनं केलेले हायलाइट्स ऊन आणि आमच्या वाकडच्या टँकरच्या पाण्यानं पार पितळी झाले होते. भाचीचं लग्न दीड महिन्यावर. आई म्हणाली, "केरसुणी झालीय नुसती. मेंदी लाव." मला लोलाइट्स करायचे होते, म्हणजे मधल्या काही बटा गडद. सोबत जाऊबाईही निघाल्या, त्यांनाही करायचे होते म्हणे.

कोथरूडच्या पार्लरमधल्या ताईंनी त्यांना पहिल्या मिनिटात नाही म्हटलं. रंगाचे आकडे 1 ते 10 असतात, 1 म्हणजे काळाकुट्ट, 10 सर्वांत फिकट. लोलाइट आजूबाजूच्या केसांपेक्षा एकदोन आकडे खाली हवा. "तुमचे आहेतच 2. खाली जायचं कुठे?" जाऊबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं.

माझी मुळं 3, टोकं जवळजवळ 8. मला वाव होता. पण आधी चौकशी: मेंदी लावता का? पुडीतल्या 'काळ्या मेंदी'त कधीकधी धातूंचे क्षार असतात आणि रंगात मिसळायच्या द्रावणाशी, म्हणजे डेव्हलपरशी, त्यांचं जमत नाही. मी लावत नव्हते. (आईचं ऐकलं नाही ते बरंच झालं.) मग कोपराच्या आत रंगाचा ठिपका, 48 तास वाट. खाज नाही, पुरळ नाही.

तरी लगेच डोक्याला हात लावू दिला नाही. आधी कानामागची एकच बट. मला थंड, राखाडी झाक असलेला 6 नंबर आवडला होता. आरशापुढच्या पिवळ्या दिव्यात झकास दिसला. हातात छोटा आरसा घेऊन बाहेर फुटपाथवर आले, तर शेवाळल्यासारखा हिरवट! ब्लीचनं केसातला लाल-केशरी रंग आधीच खाल्लेला, त्यावर राखाडी झाक चढली की असं होतं, ताई म्हणाल्या. दुसरी बट सोनेरी झाकेच्या 6 नंबरची. तीच माझ्या गव्हाळ चेहऱ्याला उजळ वाटली. रिक्षावाले काका माझ्याकडे बघत होते, बघोत बापडे.

शेवटी मानेजवळच्या आणि मधल्या थरातल्या बटाच केल्या, भांगाजवळ हात लावला नाही. रंग अमोनिया नसलेला, डेव्हलपर सौम्य. असा रंग धुता धुता उतरतो, म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधीची वेळ घेतली.

आई एवढंच म्हणाली, "मेंदी लावलीस ना?"