चंद्रपूरचे ४५, उरणचे ३४

चंद्रपूरहून उरणला बदली झाली तेव्हा मनातल्या मनात हसलो होतो. मे महिन्यात ३४ अंश? आमच्याकडे एवढ्यात लोक स्वेटर शोधतील. नवतप्याच्या झळा डोक्याला दुपट्टा बांधून काढलेला माणूस मी. सामानासोबत कूलरही आणला. पहिल्याच रात्री उशी, चादर, भिंत, सगळं चिकट. हवेतच पाणी भरलेलं, तर वाळ्याच्या ताटीतलं पाणी उडणार कुठे? अंगावरच्या घामाचंही तेच होतं, हे कळायला मात्र साइटवर एक यंत्र यावं लागलं.

डब्ल्यूबीजीटी मीटर: ऊन, ओलावा आणि तापमान मिळून अंगाला किती ताप होतो, ते एका आकड्यात सांगणारं. हातात मावेल एवढंच. वर पिंगपाँगच्या चेंडूएवढा काळा गोळा. तो ऊन पितो. बाकीचे सेन्सर हवेचं तापमान आणि ओलावा बघतात. उन्हातला हिशेब असा: ओल्या तापमापीच्या (म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापीच्या) आकड्याचे ७० टक्के, काळ्या गोळ्याचे २०, साध्या तापमानाचे फक्त १०. म्हणजे मोबाइलवरच्या ज्या आकड्याची आम्ही विदर्भवाले फुशारकी मारतो, त्याला रुपयात दहा पैशांचा मान. १९५०च्या दशकात अमेरिकी मरीनच्या छावणीत सरावाला आलेले जवान उन्हाने कोसळत, त्यातून हे सूत्र निघालं.

पहिल्या दिवशी तिवईवर लावलं आणि स्थिरावेपर्यंत चहाला गेलो. येऊन बघतो तर ३१. एवढं कमी? मुकादमाने त्यावर स्वतःचं हेल्मेट ठेवलं होतं.

"साहेब, महागाचं मशीन, उन्हात तापेल ना."

सळ्या बांधणारी पोरं शेजारीच उघड्यावर होती.

हेल्मेट काढून पुन्हा पंधरा मिनिटं थांबलो. ३३. चंद्रपूरच्या जुन्या सहकाऱ्याकडेही तसंच यंत्र आहे, त्याला फोन लावला. तिकडे पारा ४५, यंत्रावर ३३. "म्हणजे तू तिकडं जाऊन बी आमच्याएवढाच भाजून राहिला ना बे!" तो खूश. आयएसओ ७२४३ या उष्णतेतल्या कामाच्या आंतरराष्ट्रीय मानकात उन्हाची सवय असलेल्या माणसालाही मध्यम कष्टाच्या कामासाठी मर्यादा २८ची आहे, हे सांगितल्यावर गप्प झाला.

आता सळ्या बांधायचं काम पहाटे सहाला सुरू होतं, दुपारी बंद. ठेकेदार कुरकुरतो. त्याला आकडा दाखवायला यंत्रापाशी उन्हातच उभा करतो, मग वाद फार लांबत नाही.

कूलर गॅलरीत आहे. बायको त्यात कांदे ठेवते.