रायवळ

मेहुणा दर डिसेंबरात न्यू जर्सीहून येतो आणि बदामांच्या पाकिटांखालून एक बाटली काढतो. या वेळी निघाली राय व्हिस्की.

"राईची? म्हणजे मोहरीची?" बायकोने विचारलं.

तसं नाही. राय हे गव्हाच्या नात्यातलं धान्य. अमेरिकेत लेबलवर राय व्हिस्की लिहायचं तर धान्याच्या मिश्रणात ते निदान 51 टक्के लागतं. शिवाय या बाटलीवर 'बॉटल्ड इन बाँड' असंही छापलेलं. 1897 च्या कायद्याचा हा शिक्का: माल एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला, सरकारी देखरेखीच्या कोठारात किमान चार वर्षं मुरलेला आणि बाटलीत बरोबर 100 प्रूफ. म्हणजे 50 टक्के अल्कोहोल. आपल्याला 42.8 वाचायची सवय. वरचे सात टक्के जिभेला लगेच कळतात.

माझ्या आधी नाकाला कळले. ग्लासात नाक खुपसलं आणि ठसकाच लागला. मग तोंड किंचित उघडं ठेवून, बेताने वास घेतला. काळी मिरी, दालचिनी, मागे कुठेतरी बडीशेप. घोट घेतला तर आधी मिरीच, आणि गिळून झाल्यावर जळक्या लाकडाची गोडी. पिंप नव्या ओकचं, आतून जाळलेलं असतं, त्याची ही देणगी. चमचाभर पाणी घातलं तसा व्हॅनिला पुढे आला, पण तिखटपणा जागचा हलेना. दोन घोट मजा वाटली, तिसऱ्याला जीभ थकली.

"भाऊजी, ही नुसती प्यायची नाहीच," मेहुणा म्हणाला. आधी सांगायला काय झालं होतं?

मला आईचं आंब्याचं सासव आठवलं. घरात हापूसची पेटी असली तरी सासवाला ती रायवळच शोधायची. हापूस कापून खावा, नुसता. खोबरं-मोहरीच्या वाटणात आणि गुळात तो कुठे गेला ते कळत नाही. रायवळ आंबट, केसाळ, हट्टी. एवढ्या मसाल्यातही म्हणतो, मी आहे. जुनी, मऊ सिंगल माल्ट व्हिस्की साखरेत आणि बिटर्समध्ये (मसाल्यांच्या कडू अर्कात) ओतणारे लोक मला म्हणूनच पाहवत नाहीत.

मग ओल्ड फॅशन्ड नावाचं कॉकटेल. अर्धा चमचा साखर, त्यावर अंगोस्तुरा बिटर्सचे थेंब (बाटलीपेक्षा लेबल मोठं असलेली ही एकमेव वस्तू असावी), 60 मिली राय, बर्फ, आणि सावकाश ढवळणं. ज्या मिरीने मघाशी ठसका आणला, तीच आता साखरेला ताळ्यावर ठेवत होती. तिसरा घोट कधी झाला कळलंही नाही.

राहिली होती संत्र्याची साल. ती ग्लासवर चिमटायची, म्हणजे तेल वर उडतं. घरात नागपुरी संत्री होती. साल चिमटली, अर्धा फवारा ग्लासात, अर्धा मेहुण्याच्या डोळ्यात. शाळेतला नेम अजून शाबूत होता.