शिटी खाली का येते?

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेतल्या माजी विद्यार्थ्याच्या मनोगताचा एक साचा ठरलेला आहे. शिस्त, संस्कार, छड्या आणि शेवटी ‘आज मी जो काही आहे तो...’. संपादक मंडळातल्या माझ्या वर्गमैत्रिणीला मी आधीच सांगून टाकलं, की मी लिहीन ते शिटीवर. ‘पीटीच्या सरांच्या?’ तिनं विचारलं. म्हटलं, नाही, फटाक्याच्या. ती हसली, पण नको म्हणाली नाही.

ही शिटी तुम्ही ऐकली असणार. जाड कागदाची, बोटाएवढी नळी. खालचं तोंड मातीनं गच्च बंद, वरचं उघडं. वात संपली की ती फुटत-बिटत नाही, एकदम किंचाळायला लागते, आणि सूर खाली खाली येत दोन-तीन सेकंदांत विरतो. काही बाणांतही अशी नळी बसवलेली असते; मग किंचाळी आकाशात जाते. गंमत म्हणजे या नळीत ‘शिटी’ म्हणावी अशी वस्तूच नसते. पत्ती नाही, बाजूला भोक नाही, काही नाही. जळून गेल्यावर उभी चिरून पाहिली तर आत काजळी आणि तळाशी मातीचं बूच.

नववीत आमच्या वर्गाला दारूकामाचं वेड लागलं होतं. माझ्या शेजारच्या मित्राच्या वहीत शिटीची ‘कृती’ होती, कुठूनशी उतरवलेली. ती विज्ञानाच्या सरांच्या हाती लागली. वही थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाणार, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. सरांनी पान शांतपणे वाचलं, उलटून मागेही पाहिलं आणि म्हणाले, “काय काय घालायचं ते लिहिलंयस. शिटी का वाजते, ते कुठे लिहिलंय?”

तास संपेपर्यंत त्यांनी पुस्तक उघडलं नाही. फळ्यावर कृतीतला एकच शब्द लिहिला, पोटॅशियम क्लोरेट, आणि बेर्तोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची हकिकत सांगितली. बंदुकीच्या दारूत सोऱ्याऐवजी हे नवं द्रव्य घालून बघू, म्हणून १७८८ साली पॅरिसजवळच्या एसोनच्या कारखान्यात प्रयोग ठेवला होता. बघायला लाव्हाझिए आला होता, ज्याचा द्रव्य अक्षय्यतेचा नियम आम्ही घोकत होतो तोच. मिश्रणाचा स्फोट झाला. बेर्तोले आणि लाव्हाझिए थोडक्यात वाचले, दोन माणसं गेली. “हे लोक तुमच्यापेक्षा हुशार होते,” सर म्हणाले. “आणि त्यांच्याकडे तराजूसुद्धा तुमच्यापेक्षा चांगला होता.” क्लोरेट आणि गंधक एकत्र असलेल्या दारूवर ब्रिटनमध्ये १८९४ साली बंदीच आली, हे मी पुढे वाचलं. ती कृती त्यानंतर कुणी वाचली नाही, कारण सरांनी ते पान फाडून खिशात घातलं. मीही इथे कृती देणार नाही. ही शाळेची स्मरणिका आहे.

पुढच्या प्रॅक्टिकलला टेबलावर परीक्षानळ्यांची रांग होती, प्रत्येकीत कमी-जास्त पाणी. ओठ लावून तोंडावरून फुंकर मारायची. सगळ्यात भरलेली नळी बारीक आवाजात चिवचिवली, रिकामी घोगरी घुमली.

“आता पाण्याच्या जागी दारू समजा. ती वरून खाली जळत जाते. म्हणजे नळीचं काय होतं?”

“रिकामी होत जाते, सर.”

“म्हणून?”

“आवाज उतरतो.”

प्रश्न सुटला असं वाटत असतानाच मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “पण सर, बाण लांब जातो म्हणूनही उतरत असेल. गाडी पुढे गेली की तिचा भोंगा उतरतो तसा.” सरांचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा झाला होता. डॉप्लरनं हा नियम मांडला १८४२ मध्ये, आणि १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बाईस-बॅलॉट नावाच्या शास्त्रज्ञानं चक्क आगगाडीत तुतारीवाले बसवून तो पडताळला. रुळांशेजारी चांगल्या कानाचे संगीतकार उभे केले आणि सूर किती चढला, किती उतरला ते त्यांना विचारलं. हे सांगून सर मागच्या बाकाकडे वळले. “मग आपल्या शिटीत खरं कारण कुठलं, ते कसं ठरवायचं?” त्यालाच उत्तर सुचलं. शिटी जमिनीवर लावायची. हलूच द्यायची नाही.

तो प्रयोग मैदानावर झाला. कारखान्यातून तयार होऊन आलेल्या, विकतच्या शिट्या वाळूनं भरलेल्या डब्यात उभ्या खोचल्या होत्या. आम्ही फक्कीच्या रेघेमागे, बरेच लांब. प्रयोगशाळेचे मामा पाण्याची बादली घेऊन उभे. पेटवायला एकटे सर, तेही हात लांब करून, मान फिरवून. रेघेवर स्टुलावर शाळेचा टेपरेकॉर्डर. जागची न हलणारी शिटीही अगदी तशीच उतरली. जळून गेलेल्या नळ्या मामांनी बादलीत बुडवल्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

मग कॅसेट संगीताच्या बाईंकडे गेली. सरांचा हिशोब साधा होता. एका टोकाला बंद असलेल्या नळीत तरंगलांबी ही रिकाम्या भागाच्या चौपट. नळी पाच सेंटिमीटर रिकामी असेल, तर तरंगलांबी वीस सेंटिमीटर. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर कंपनं सेकंदाला १७००. चिरलेली नळी आम्ही पट्टीनं मोजली होतीच. शिटी शेवटी कुठल्या सुरावर थांबते, तेवढं बाईंनी सांगायचं होतं.

बाईंनी कॅसेट मागे-पुढे करत ऐकली. पहिल्यांदा कान झाकले, हे खरं आहे. मग पेटी पुढे ओढली. सूर पेटीच्या आवाक्याबाहेरचा, त्यामुळे सप्तकं उतरवून खाली शोधावा लागत होता. “ही मींड आहे रे, सलग घसरत येणारा सूर,” त्या म्हणाल्या, “पेटीवर मींड येत नाही. कुठून सुटली आणि कुठे टेकली तेवढं सांगते.” दोन पट्ट्या दाखवल्या. पेटीचा भाता बंद करता करता आणखी म्हणाल्या, “आणि उतरताना चाल सारखी नाहीये हिची. आधी झरकन येते, मग रेंगाळते.” सरांनी तेही समासात टिपून ठेवलं.

हिशोब जुळला नाही. बाईंचा सूर आमच्या आकड्याच्या बराच वरचा निघाला. आम्ही हिरमुसलो, सर खूश. “३४० हा वेग कुठल्या हवेतला?” “या खोलीतल्या.” “नळीत या खोलीतली हवा आहे का?” नळीत होता जळत्या दारूचा तापलेला वायू. तापमान वाढलं की आवाजाचा वेग वाढतो, तो निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या हिशोबानं. म्हणजे बाईंच्या पेटीवरून उलट्या गणितानं नळीतला वायू किती तापला होता, याचा अंदाज बांधता येत होता. थर्मामीटर न लावता! तो अंदाज अगदीच ढोबळ होता, पण परीक्षेत न येणारं गणित वर्गातल्या सगळ्यांनी सोडवल्याचं मला तरी हे एकच आठवतं.

एवढ्यानंही ‘का वाजते’ याचं उत्तर अर्धंच मिळालं होतं. परीक्षानळीवर आपण फुंकर मारतो. शिटीत फुंकतं कोण? ते मला कॉलेजच्या ग्रंथालयात सापडलं. डब्ल्यू. आर. मॅक्सवेल यांचा या विषयावरचा निबंध १९५३ साली छापला गेला आहे. शिटीची दारू एकसंध जळत नाही, ती धडधडत जळते. दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो, त्यानं दाब आणखी वाढतो. ही लाट नळीच्या उघड्या तोंडाशी जाऊन परत येते आणि जळत्या पृष्ठभागाला पुन्हा डिवचते. सेकंदाला हजारो वेळा. कुठलीही दारू नळीत ठासून हे होत नाही, काही ठरावीक मिश्रणंच अशी गातात. एके काळी पिक्रिक आम्लाचे क्षार वापरत, ते भयंकर होते. मग मायफळातून मिळणारं गॅलिक आम्ल आलं; जुनी काळी शाई व्हायची तेही याच मायफळापासून. गॅलिक आम्लाचं मिश्रणही घर्षणाला आणि धक्क्याला हळवं. नंतर बेंझॉइक आणि सॅलिसिलिक आम्लांचे क्षार आले, ते तुलनेनं बरे. तुलनेनं हा शब्द महत्त्वाचा. किंचाळणारी दारू ही मुळातच स्फोटाच्या काठावर जळणारी दारू असते. नळीला तडा असेल, दारू सैल भरली असेल, तर शिटी न वाजता धडाका होतो.

दारूकाम हा जगात रीतसर छंद आहे, हेही तेव्हाच कळलं. अमेरिकेत १९६९ साली हौशी लोकांनी पायरोटेक्निक्स गिल्ड इंटरनॅशनल नावाची संघटना काढली. तिच्या वार्षिक मेळाव्यात सभासद हातानं केलेले बाण, चक्रं, गोळे घेऊन येतात आणि परीक्षक गुण देतात. इंग्लंडमधल्या किम्बोल्टन शाळेत रसायन आणि धर्मशास्त्र शिकवणाऱ्या रोनाल्ड लँकेस्टर या पाद्र्यानं तर १९६४ मध्ये स्वतःची आतषबाजीची कंपनी सुरू केली. शाळेतल्या मास्तरानं! आमच्या सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “त्यांच्याकडे परवाना असेल. माझ्याकडे बादली आहे.” बहुतेक देशांत परवान्याशिवाय दारू कालवणं गुन्हा आहे, आणि या छंदातली जाणती माणसं त्याबाबतीत सर्वांत कडक असतात. सुती कपडे, कारण कृत्रिम धाग्यावर साठलेल्या विजेची ठिणगीही पुरते. एका वेळी थोडंच मिश्रण. एकट्यानं काम करायचं नाही. फुसकी गेलेली नळी पुन्हा पेटवायची नाही. छंदाचा बराचसा वेळ कागद, खळ, वाळवण आणि नोंदवहीत जातो, प्रत्यक्ष जाळ काही सेकंदांचा.

मी स्वतः दारूला कधी हात लावला नाही. परवानाधारक मंडळींच्या आतषबाजीला मी मायक्रोफोन घेऊन जातो, आवाज गोळा करतो. फोनवरच्या साध्या अॅपमध्ये हल्ली ध्वनीचा आलेख दिसतो. त्यात शिटी म्हणजे खाली येणारी ठळक रेघ, आणि तिच्यावर तिप्पट, पाचपट उंचीवर फिकट रेघा. एका टोकाला बंद असलेल्या नळीतून विषम पटीच निघतात, हे बारावीच्या पुस्तकातलं वाक्य तिथे डोळ्यांना दिसतं.

आणि ती ठळक रेघ सरळ नसते. आधी खडी, मग सपाट होत जाणारी. दारू साधारण एकाच गतीनं जळते, पण सूर नळीच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. रिकामी जागा दोन सेंटिमीटरची चार झाली की एक सप्तक उतरतं. त्यापुढचं सप्तक उतरायला चारची आठ व्हावी लागते, म्हणजे दुप्पट वेळ. आधी झरकन, मग रेंगाळत. बाईंना हे अॅपशिवाय ऐकू आलं होतं.

डॉप्लरचा वाटाही आता काढता येतो. बाण सेकंदाला साठ मीटरनं आपल्यापासून लांब जात असेल, तर सूर जेमतेम पंधरा टक्के खाली येतो, पेटीच्या तीन पट्ट्यासुद्धा नाही. बाकी सगळा उतार रिकाम्या होणाऱ्या नळीचा. मागच्या बाकावरच्या आमच्या मित्राचं म्हणणं खोटं नव्हतं, वाटा मात्र लहान निघाला.

महोत्सवानिमित्त शाळेच्या प्रयोगशाळेला माझ्याकडची काही ध्वनिमुद्रणं दिली आहेत. जमिनीवरच्या शिट्यांची आहेत, तशी बाणांचीही, आणि कुठलं कशाचं ते मुद्दाम लिहिलेलं नाही. आत्ताच्या नववीनं आलेख काढून ती वेगळी करावीत. पट्टी, नळ्या आणि संगीताच्या वर्गातली पेटी वापरायला हरकत नाही.