‘पालकांची अनास्था’

बांगलादेशात कॉक्स बाजारजवळ कुतुपालोंग ही म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांची छावणी आहे. तिथे मी शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचे. २०२३ च्या जुलैत रोहिंग्या मुलांसाठी म्यानमारचा अभ्यासक्रम पहिल्यांदाच दहावीपर्यंत खुला झाला. सुमारे तीन लाख मुलांची नोंदणी झाली, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पक्क्या बांधकामाला परवानगी नाही, त्यामुळे शाळा, म्हणजे तिथलं ‘शिक्षण केंद्र’, ही बांबू-ताडपत्रीची खोली. तीच पाळ्या लावून वापरायची.

सहावीतली एक मुलगी बर्मी, म्हणजे म्यानमारच्या अभ्यासक्रमाच्या भाषेच्या, वाचनात वर्गाच्या पुढे होती. घरची भाषा रोहिंग्या, तरी ती न अडखळता वाचायची. एके दिवशी ती यायची थांबली. नोंदवहीत कारण लिहिलं होतं, ‘पालकांची अनास्था’. ज्यांनी लिहिलं ते कधी तिच्या घरी गेले नसणार.

स्थानिक शिक्षिकेला घेऊन मी गेले. आईने चटई अंथरली. म्हणाली, “आपा (ताई), शिकू नये असं मी कधी म्हटलं? बाई होत्या तोवर येत होतीच ना? आता ती मोठी झाली, आणि वर्गात मास्तर आलेत. संडासाला आतून कडी नाही. वाटेत टपरीवर पोरं बसतात.” मग हळूच म्हणाली, जूनपासून रेशन माणशी महिना आठ डॉलरवर आलंय, आणि मुलीचं वय वाढलं की हुंडाही वाढतो. दहावी झाली तरी पुढे कॉलेज नाही, नोकरीची परवानगी नाही.

यातलं काय खोडून काढायचं होतं?

बर्मी शिकवू शकणाऱ्या रोहिंग्या बाया फारशा मिळत नाहीत. राखाइनमध्ये, म्हणजे म्यानमारमधल्या त्यांच्या मूळ प्रांतात, मुलींना वरच्या वर्गांत फारसं पाठवत नसत, आणि २०१२ च्या हिंसाचारानंतर रोहिंग्यांना तिथल्या सित्वे विद्यापीठाचं दारही बंद झालं. आज शिकवायला हव्या असलेल्या बाया तेव्हाच शिकायच्या राहिल्या.

मी सुचवलं, शेजारच्या घरात फक्त मुलींचा गट बसवू, ने-आण करायला वस्तीतली एखादी वयस्क बाई ठेवू. कचेरीतून उत्तर आलं, निधी केंद्रामागे मिळतो, घर हे केंद्र नव्हे. पालकांच्या जनजागृती मेळाव्यांना मात्र पैसे होते. जिला सगळं कळतं त्या आईला जागं करायचं! मला त्या मेळाव्यांचा अजून राग येतो.

पाठपुरावा करून गट सुरू झाला. तोवर तिचं लग्न ठरलं होतं. तिची धाकटी बहीण अजून त्याच केंद्रात जाते. तिथे शिकवायला मास्तरच आहेत.